बंदूक खाली घेण्याचा धडा

आमचा धंदा कापडाचा. इचलकरंजीत खर्चीवाल्यांना सूत द्यायचे, कापड विणून घ्यायचे, प्रोसेसला टाकायचे आणि बाहेरगावच्या पेढ्यांना पाठवायचे, यात आमची तीस वर्षे गेली. शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही बाजारात आणि वसुलीच्या फेऱ्यांत शिकलो. अशा माणसाने सूत, वीजदर आणि उधारी सोडून आज बंदुकीवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. खरे सांगायचे तर आम्हालाही वाटते.

गोष्ट घरातूनच सुरू झाली. आमची धाकटी मुलगी अकरावीत आहे. कॉलेजात ती एन.सी.सी.मध्ये गेली. एका रात्री जेवताना म्हणाली, "अब्बा, कोल्हापूरला रायफल क्लब आहे. मला एअर रायफल शिकायची आहे. फॉर्मवर तुमची सही लागते."

तिच्या अम्मीचा हात ताटावरच थांबला. आमचे भाईजान घरात वडील आहेत. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरी काही होत नाही. ते म्हणाले, "मुलीच्या हातात बंदूक? आणि तीही आपल्या मुलीच्या? जमाना कोणता आहे, बघतोस ना?"

भाईजानचे बोलणे उगाच नव्हते. आमच्या मोहल्ल्यात बंदूक हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. आपल्या मुलाचे नाव वर्तमानपत्रात कोणत्या कारणाने येईल, याची धास्ती प्रत्येक आईबापाच्या मनात असते. आम्ही ना हो म्हटले, ना नाही. पण नमुना न पाहता माल परत पाठवणे ही आमची रीत नाही. म्हणून एका रविवारी मुलीला घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो. विचार असा केला की, आधी आपण स्वतः करून पाहू आणि मग काय ते ठरवू.

आधी नियम, मग रायफल

क्लब म्हणजे एक लांबट शेड. एका बाजूला टेबले, समोर दहा मीटरवर कागदी लक्ष्ये. दहा मीटर म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे अकरा वार. आम्ही मनात म्हटले, एवढ्याशा अंतरावर नेम धरण्यात कसली हिकमत?

शिकवणाऱ्या मॅडम कोल्हापूरच्याच. त्यांनी पहिला अर्धा तास रायफलीला हातही लावू दिला नाही. आधी नियम. नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवायचे नाही, रायफल रिकामी असली तरीही. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. हुकूम मिळाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. 'स्टॉप' ऐकू आले की जे चालले असेल ते तिथेच थांबवायचे. रायफल टेबलावर ठेवताना तिचे तोंड उघडे आणि नळीत रंगीत दोरी घातलेली हवी, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते.

आम्ही मुलीकडे पाहिले. तिला हे सारे एन.सी.सी.मुळे ठाऊक होते. अर्ध्या तासात आमच्या ध्यानात आले की, या जागेत कोणी मोठ्याने बोलत नाही, धावत नाही, थट्टेने कोणावर रोखत नाही. भरबाजारात दिवसभर जेवढी आरडाओरड आम्ही ऐकतो, तिचा इथे मागमूस नव्हता.

यंत्रही समजून घेतले. या रायफलीत दारू नसते, दाबलेली हवा असते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बार दाबाने भरतात. मोटारीच्या चाकात ती दोन-सव्वादोन बार असते. यावरून कल्पना यावी. छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा, डमरूसारखा मध्ये बारीक. त्याचे पुढचे तोंड सपाट असते, म्हणून कागदाला गोल, स्वच्छ छिद्र पडते. आवाज 'फट' एवढाच. खांद्याला धक्का जवळजवळ नाही. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचे नाही, हेही मॅडमनी बजावून सांगितले.

ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा

मग लक्ष्याचा कागद हातात दिला. तो पाहून आमची अकरा वारांची घमेंड उतरली. सगळ्यात बाहेरचे वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचे, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाहूनही लहान. नऊ गुणांचे वर्तुळ ५.५ मिलिमीटरचे. आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, सुईच्या टोकाने टोचल्यासारखा. छर्र्याची कड त्या ठिपक्याला लागली की दहा गुण.

नळीचे टोक एक मिलिमीटर हलले तर दहा मीटरवर छर्रा साधारण एक सेंटिमीटर सरकतो. म्हणजे सरळ सहा-सातवर! आणि माणूस तर उभा असताना श्वासाने हलतो, नाडीने हलतो, दुपारी जास्त जेवला असेल तर त्यानेही हलतो.

पहिले दहा छर्रे टेबलावर रायफल टेकवून मारले. १०० पैकी ५१. मुलीचे ६८. मग उभे राहून दहा. दोन छर्रे वर्तुळांच्या बाहेरच गेले. बाकी आठांचे मिळून २९. मुलीचे ४१. मुलगी हसली नाही, हे तिचे चांगले वळण.

मॅडमनी गुण पाहिलेच नाहीत. छिद्रे पाहिली. म्हणाल्या, "काका, तुमची छिद्रे चारी बाजूंना आहेत. पोरीची सगळी डावीकडे खाली, पण एका जागी. तिचे काम सोपे आहे. साइटचा स्क्रू फिरवला की ती मध्ये येईल. तुम्हाला स्क्रू लावून उपयोग नाही."

हे बोलणे आम्हाला लगेच पटले, कारण आमच्या मागावरही असेच असते. कापडात एकाच रेषेत दोष येत असेल तर फणीचा दात पाहायचा. कारण सापडते. दोष कधी इथे, कधी तिथे येऊ लागला की मागवाल्याचा दिवस जातो.

हाडावर भार

उभे राहायची रीतही निराळी. डावी कूस लक्ष्याकडे, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे आणि रायफल त्या हातावर ठेवायची. रायफलीचे वजन चार-पाच किलो. नियमाने साडेपाच किलोहून अधिक चालत नाही. आम्ही ती दंडाच्या जोरावर धरू लागलो आणि दोन मिनिटांत हात थरथरला. मॅडम म्हणाल्या, "स्नायू थकतो, हाड थकत नाही." आमच्या गोदामातले हमालही हेच करतात. तरणा पोरगा गाठ हाताने ओढतो आणि दमतो. जुना हमाल ती पाठीच्या हाडावर घेतो आणि दिवस काढतो.

डोळ्यांची अडचण आमच्या वयाची. पुढच्या टोकाला एक कडी असते. डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती असते. छिद्रातून कडी पाहायची आणि कडीत काळे वर्तुळ धरायचे. दुर्बीण या खेळात चालत नाही. चाळिशी लागलेल्या डोळ्याला कडी आणि लक्ष्य दोन्ही एकदम स्वच्छ दिसत नाहीत. त्यावर सांगणे असे की कडी स्वच्छ दिसू द्या, लक्ष्य थोडे धूसर राहिले तरी चालेल. दुसरा डोळा मिटायचा नाही. त्यापुढे पांढरी पट्टी लावायची, म्हणजे चेहरा आवळला जात नाही.

खाली घ्या, काका

खरा धडा तिसऱ्या रविवारी मिळाला. रायफल उचलायची, श्वास अर्धा सोडून थांबायचे, कडीत वर्तुळ स्थिर झाले की चाप हलकेच दाबायचा. यासाठी सहा-आठ सेकंद मिळतात. त्यापुढे डोळा शिणतो, श्वास अपुरा पडतो, हात डोलू लागतो. आणि नेमके तेव्हाच मन म्हणते, आता मारून टाक, एवढा वेळ धरली आहे!

आम्ही मारत होतो. दर वेळी छर्रा बाहेर.

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आठ सेकंद झाली की म्हणायच्या, "खाली घ्या, काका." आम्ही म्हणायचो, "आता होतंच आलं होतं." त्या म्हणायच्या, "होत आलं होतं म्हणजे झालं नव्हतं. खाली घ्या."

शेवटी त्यांनी एक कागद आणि पेन्सिल दिली. "आज छर्र्याचे गुण मोजायचे नाहीत. जेवढ्या वेळा न मारता रायफल खाली घ्याल, तेवढ्या रेघा ओढा." त्या दिवशी दहा छर्र्यांसाठी आम्ही सोळा वेळा रायफल उचलली. सहा रेघा पडल्या. उभ्याने पहिल्यांदाच पन्नाशी ओलांडली.

स्पर्धेचे नियमही यालाच धरून आहेत. साठ छर्र्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. एवढ्या वेळात माणूस एकदा नव्हे, दोनदाही रायफल खाली घेऊन पुन्हा उचलू शकतो. घाईची सक्ती कोणी केलेली नाही. घाई आपली आपणच करतो.

११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये याच दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत शेवटच्या छर्र्याआधी आपला अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅक्किनेन अगदी बरोबरीत होते. हॅक्किनेनचा छर्रा ९.७ वर गेला, बिंद्राचा १०.८ वर. अंतिम फेरीत एका छर्र्याला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. भारताचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक ते हेच. टीव्हीवर आम्ही ते पाहिले होते, पण तेव्हा काही कळले नव्हते. अशा वेळी हात स्थिर ठेवणे काय असते, ते आता थोडेसे कळते.

२०११ चे सूत

इथे आमची एक चूक कबूल करतो, कारण या पानाचे वाचक व्यापारी आहेत. २०१० च्या अखेरीपासून कापूस चढत होता. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात तो पाउंडाला दोन डॉलरच्या वर गेला. सूतही त्याच्यामागे धावत होते. आम्ही महिनाभर थांबलो होतो. मनाला पटत नव्हते. पण एवढे दिवस धरून ठेवल्यावर हात रिकामा कसा न्यायचा, या विचाराने शिखरावरच्या भावात सूत उचलले, तेही उधारीवर. पुढे भाव कोसळले. वर्षाअखेर कापूस निम्म्याहून खाली आला होता. ते सूत कापड होऊन विकले गेले तेव्हा सुताचे पैसेही निघाले नाहीत. बेगमचे दागिने मोडावे लागले. ते फेडायला आम्हाला चार वर्षे लागली.

त्या वेळी कोणी शेजारी उभे राहून "खाली घ्या" म्हणाले असते तर आम्ही ऐकले असते का? बहुधा नाही. पण सौदा सोडून देणे हेही एक काम आहे आणि त्याचीही रेघ ओढायची असते, हे पन्नाशीनंतर एका शेडमध्ये कळले.

मुलींच्या दृष्टीने

खेळ म्हटला की आपल्या घरांत मुलींच्या पोशाखाचा प्रश्न आधी येतो. या खेळाचा पोशाख म्हणजे जाड कॅनव्हासचे बंद जाकीट, तशीच पँट, हातमोजा आणि बूट. सगळे अंगभर. आमची मुलगी स्कार्फ बांधून गेली. तिथे कोणी हरकत घेतली नाही. धावपळ नाही, धक्काबुक्की नाही. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच साठ छर्रे असतात.

कोल्हापूरची माती या खेळाला नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. मुंबईच्या अंजली भागवत यांनीही सुरुवात एन.सी.सी.तूनच केली होती. आपल्यातलीही नावे आहेत. मेरठकडचे शहजर रिझवी यांनी २०१८ मध्ये विश्वचषक स्पर्धेत एअर पिस्तुलाचे सुवर्ण मिळवले. खुर्जाचे मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये चाळिशी उलटल्यावर स्कीट प्रकारात विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. ही नावे आम्ही भाईजानसमोर एकेक करून ठेवली.

खर्चाचा हिशेब

हिशेब मांडल्याशिवाय या पानावरचा लेख पुरा होत नाही. परदेशी स्पर्धा-रायफल लाखांच्या घरात जाते. ती पहिल्या वर्षी घेऊच नये. क्लबची रायफल वापरावी. चालू खर्च छर्र्यांचा. डब्यात पाचशे छर्रे येतात. आठवड्यातून तीन दिवस शंभर-शंभर मारले तर डबा दोन आठवडेही पुरत नाही. पण छर्रा न भरता रिकामा सराव करता येतो आणि नामांकित नेमबाजही तो रोज करतात. गरीब घरच्या मुलाला हा मोठा आधार आहे.

जुनी रायफल कोणी देत असेल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी पाहावी. स्पर्धेत दहा वर्षांहून जुने सिलिंडर चालत नाही. ते बदलण्याचा खर्च भावात धरावा.

कारागीर बंधूंसाठी एक गोष्ट. जाकीट हातात आले तेव्हा आमची बोटे आपोआप कापडावर फिरली. घट्ट विणीचा जाड कॅनव्हास, कोपराला आणि खांद्याला चामड्याचे तुकडे, दुहेरी शिलाई. त्याची जाडी एकेरी अडीच मिलिमीटर, दुहेरी पाच मिलिमीटरच्या वर गेली तर जाकीट बाद. स्पर्धेआधी यंत्राने मोजतात. कापड फार ताठ असले तरी बाद. मुले वाढतात, अंगाला जाकीट सैल किंवा तंग होते आणि दुरुस्तीसाठी लांब पाठवावे लागते, असे क्लबातले पालक सांगत होते. जाड शिलाईचे मशीन आणि चामड्याचा हात असलेल्या आपल्या शिंपीबंधूंनी एखाद्या क्लबात जाऊन हे काम पाहावे. धंदा मोठा नाही, पण माप अचूक हवे आणि अचूक मापाला दाम मिळतो.

कायद्याची बाजू

याबाबत गाफील राहू नये. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याहून मोठी असेल तर लागतो. खरेदी पक्क्या बिलावर आणि ओळखपत्र देऊनच करावी. नेताना रायफल पेटीत बंद असावी आणि बिल, क्लबचे कार्ड, ओळखपत्र सोबत असावे. एअर गनने पक्षी मारणे हा खेळ नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो. गच्चीवर, गल्लीत, लग्नाच्या वरातीत ती बाहेर काढू नये. आम्ही तर एक पाऊल पुढे जाऊन ठरवले आहे की रायफल घरी आणायचीच नाही. ती क्लबच्या कपाटातच राहील.

भाईजान आले

तीन महिन्यांनी भाईजान एका रविवारी आमच्याबरोबर आले. येतो म्हणाले नव्हते, सकाळी गाडीत येऊन बसले. शेडमध्ये मागच्या बाकावर तसबीह घेऊन बसले.

मुलीने रायफल उचलली. धरली. आठ-दहा सेकंदांनी खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळीही तसेच. भाईजानना राहवेना. विश्रांतीच्या वेळी ती पाणी प्यायला मागे आली तेव्हा त्यांनी विचारले, "बेटी, मारली का नाहीस?"

ती म्हणाली, "बडे अब्बा, नीट नव्हतं."

भाईजान काही बोलले नाहीत. परतताना हातकणंगल्याच्या पुढे आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पुढच्या महिन्याची फी भरलीस का?"

भाईजानची काळजी गेली असे आम्ही म्हणणार नाही. आमचीही गेलेली नाही. जग बदललेले नाही. पण बंदुकीच्या नावाने ज्या गोष्टीची आम्हाला भीती होती, तिच्या उलट गोष्ट त्या शेडमध्ये शिकवतात. मुलगी आता उभ्याने ८० च्या आसपास गुण घेते. आम्ही साठीच्या पुढे सरकत नाही आणि बहुधा सरकणारही नाही. तरी रविवारी जातो. वसुलीच्या फोनवर आवाज चढू लागला की मध्येच थांबून "उद्या बोलू" म्हणण्याची थोडी सवय लागली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने असे काही विचारले तर नाही म्हणण्याआधी एकदा त्याच्यासोबत क्लबात जा. मागच्या बाकावर तासभर बसा. जमले तर दहा छर्रे स्वतः मारून पाहा. मग काय ते ठरवा.